काढून ठेवलेला पत्ता

भुताचा खेळ हातात आला की मी आधी खोका उलटा करून मागचा मजकूर वाचतो. मुलगी लहान असताना त्यातले भयंकर पत्ते मी गुपचूप काढून कपाटात ठेवायचो. आता इराची दहावी झाली, जूनमध्ये ती हॉस्टेलला जाणार. या वेळी खेळ तिनेच निवडला, खोकाही तिनेच उघडला.

रविवारी दुपारी पडदे ओढून आम्ही दोघं बसलो. पटावर एक जुना बंगला आणि प्रत्येक खोलीत एक पालथा पत्ता. दर पत्त्याला माझा हात अडखळत होता, ती मात्र हसत होती. शेजारी आपलं माणूस असेल तर मुलांना भीतीचीही मजा वाटते. त्या आपल्या माणसाने कुणाकडे बघायचं, हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं.

शेवटच्या खोलीत पत्ताच नव्हता.

“एक हरवलाय वाटतं,” मी म्हणालो.

“हरवला नाही बाबा, मी काढून ठेवलाय.”

“का? फार भयंकर आहे?”

“मला नाही,” सोंगट्या आवरत ती म्हणाली. “त्यावर मुलीची रिकामी खोली आहे.”