फक्त आईचीच तपासणी करा

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोरेगावकडच्या एका तान्ह्या मुलीची चौकशी मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. मुलीच्या आईला विचारूनच लिहितो आहे. नावं कुणाचीच देत नाही, खाणाखुणाही बदलल्या आहेत.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. तोंडावर पदर धरून बोलावं तसा बाईचा आवाज होता. तिने गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "तिथं एका निवृत्त फौजीच्या घरात लहान मुलगी आहे. ती त्यांची नाही, सांगलीहून विकत आणली आहे. कागद बघत बसू नका, ते बरोबरच असतील. आईची डीएनए तपासणी करा. फक्त आईचीच करा, म्हणजे कळेल." मी नाव विचारताच फोन बंद झाला.

मूल विकत घेतल्याची खबर निनावी असली तरी सोडून देता येत नाही. स्टेशन डायरीत नोंद केली आणि एका महिला हवालदाराला साध्या वेशात घेऊन गावात गेलो.

घर दोन भावांचं, उसाची जमीन सामाईक. थोरल्याला एक मुलगा. धाकटा फौजी, लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, त्यामुळे सगळी जमीन पुढे आपल्या मुलाची हे थोरल्याच्या बायकोने मनात धरलेलं. तिने आम्हाला गोठ्याकडे बाजूला घेतलं.

"आवं सायेब, तिचं पोट आमी कुणी बघितलंच न्हाई. सांगलीला जाऊन ऱ्हायली, आन् आली ती लेकरू घेऊनच. इतकी वर्सं काय झालं न्हाई, आन् चाळिशी उलटल्यावर कसं झालं?"

बोलताना तिची नजर उघड्या दारातून दिसणाऱ्या पाळण्यावरून हलत नव्हती. खबर देणारी हीच, असं मी त्या वेळी धरून चाललो.

फौजी शांतपणे समोर बसला. "टेस्ट ट्यूब बेबी हाय सायेब. सांगलीत उपचार घेतले. हिचं वय झालेलं, डॉक्टरनी प्रवास बंद केलता. म्हणून तिथंच खोली घेऊन ऱ्हायलो." त्याने फाईल पुढे ठेवली. सगळं व्यवस्थित होतं. मी उठता उठता सहज म्हणालो, "गरज पडली तर डीएनए करून घेऊ."

त्याच्या बायकोने मुलीला उराशी धरलं आणि ती भिंतीला टेकली. "तेवढं नगा करू, सायेब." फौजीनेही मान खाली घातली. खरं बोलणारा माणूस अशा वेळी स्वतःच तपासणी मागतो, हा माझा अनुभव. माझा संशय पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी दोघांना ठाण्यात बोलावून वेगवेगळं बसवलं. फौजी एकच म्हणत राहिला, "मला काय बी इचारा, तिला काय इचारू नका." त्याच्या बायकोची चौकशी महिला हवालदाराने दार लावून केली. बऱ्याच वेळाने तिने मला आत बोलावलं.

ती मुलीला मांडीवर थोपटत होती. मान वर न करता बोलली. "माझं बीज चालंना सायेब. लय वेळा करून बघितलं, टिकलंच न्हाई. मग डॉक्टर म्हनाले, दुसऱ्या बाईचं बीज घ्या. ह्यांचं ते ह्यांचंच हाय. पोटात मी वाढवली, दूध मी पाजती. पर घरात कुनाला म्हाईत न्हाई. जावंला कळलं तर उद्या माझ्या पोरीला ह्या घरची म्हनंल का ती?"

तेव्हा माझ्या डोक्यात तो फोन पुन्हा वाजला. विकत आणलेल्या मुलाचा संशय असणारा माणूस आई आणि बाप दोघांचीही तपासणी मागेल. या बाईने बापाचं नावही घेतलं नव्हतं. बापाची जुळेल आणि आईची जुळणार नाही, हे तिला ठाऊक होतं. जाऊबाई जळत असेल, पण तिला एवढं माहीत असणं शक्य नव्हतं.

"हे कुणाकुणाला सांगितलंय?"

"आमी दोघं आन् डॉक्टर." तिने मुलीचं टोपडं सारखं केलं. "आन् एक मैतरीन हाय, वाईची. दवाखान्यात वळख झाली. आमी दोघी एकाच बाकावर बसायचो. तिला न्हाई सांगायचं तर कुनाला?"

मैत्रिणीचा संशय तिला तेव्हाही आला नव्हता.

फोनचा नंबर वाईच्या एसटी स्टँडजवळच्या एका दुकानदाराचा निघाला. मोबाईल बंद पडलाय म्हणून एका बाईने त्याचा मागून घेतला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी प्रसूती आपल्याच हातून झाल्याचं सांगितलं. सरकारी वकिलांनाही विचारलं. नियमानुसार घेतलेल्या बीजातून जन्मलेलं मूल कायद्याने त्या जोडप्याचंच, बीज देणारीचा त्यावर हक्क नाही. गुन्हा उरला तो खोटी खबर दिल्याचा.

वाईला गेलो तेव्हा ती बाई घरात एकटीच होती. वर्दीतल्या महिला हवालदाराला पाहूनच तिला कळलं. नाकबूल केलं नाही, पाणीही विचारलं नाही.

"मी तिच्यासाठी उपास केले होते," ती म्हणाली. "तिला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी मीच तिला पेढा भरवला. घरी आले आणि सगळं ओकून पडलं. मलाही डॉक्टरांनी तेच सुचवलं होतं, दुसऱ्या बाईचं बीज. आमचे हे म्हणाले, परकं रक्त घरात नको. तिचा नवरा हो म्हणाला, माझा नाही म्हणाला. बाकी आमच्यात काय फरक होता, साहेब? रोज मुलीचे फोटो पाठवायची. मी छान म्हणून लिहायची आणि फोन पालथा ठेवायची."

"मुलगी आईपासून तोडली गेली असती, हे कळत होतं ना तुम्हाला?"

"तोडायची नव्हती. तिने एकदा रिकाम्या पाळण्याकडे बघावं, एवढंच वाटलं." मग स्वतःच म्हणाली, "हे त्याहून वाईट आहे, नाही का?"

परत आल्यावर फौजीच्या बायकोला खबर देणारीचं नाव सांगावं लागलं. ती रडली नाही. "केस करू नका सायेब. कोर्टात गेलं की सगळं उघडं पडंल. तिला एवढं सांगा, माझ्या दारात पुन्ना येऊ नगं म्हनावं." गावात जाऊन मी सगळ्यांसमोर सांगितलं, चौकशी पूर्ण झाली, मुलगी यांचीच आहे. थोरल्या जाऊबाईने "व्हय का" म्हणून तोंड फिरवलं.

पुन्हा वाईला जाऊन त्या बाईला समज दिली. मैत्रिणीचा निरोपही सांगितला. आम्ही उठलो. दारापर्यंत आली आणि हळूच विचारलं, "आता कशी दिसते हो ती? कुणासारखी?"

चौकशीत मी थोरल्या जावेवर नजर ठेवून बसलो होतो, कारण तिचा मत्सर दिसत होता. तो गोठ्यात उभा राहून बोलत होता. पण ज्या मत्सराने खरा घाव घातला, तो पेढा भरवत होता, उपास करत होता आणि त्यातलं काही खोटंही नव्हतं. त्यानंतर कुणाच्या वैऱ्यांची यादी करताना त्याच्यासाठी रडलेली माणसंही मी विचारात घेऊ लागलो.

तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं बंधन माझ्यावर नव्हतं.

"आईसारखी," मी म्हणालो, आणि जीपकडे वळलो.