रनपाशी अडलेले भाऊजी

माझे दीर शब्दकोशाच्या कचेरीत नोकरीला होते. लग्न केलं नाही, त्यामुळे आमच्याकडेच राहायचे, मागच्या खोलीत. दीर काय करतात, असं कुणी विचारलं की मी सांगायची, इंग्रजी शब्दांना मराठी स्थळं बघतात, स्वतःचं तेवढं राहून गेलं. भाऊजी हसायचे, पण हेही वाक्य कुठल्यातरी शब्दाच्या कार्डावर जाणार हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

त्या कचेरीत सगळी शिकलीसवरलेली माणसं, तरी त्यांनी मिळून एक वेडेपणा केला. अवघड शब्द आधी घेतले. रोगांची नावं, कायद्यातले शब्द, यंत्रांचे भाग असले सगळे आधी. सोपे काय, हातासरशी होतील, म्हणून मागे ठेवले. ते शेवटी भाऊजींच्या गळ्यात पडले आणि कचेरीत त्यांचं नाव सोपेराव पडलं. एकेक शब्द हातावेगळा करत सोपेराव ‘रन’पर्यंत आले आणि तिथे जे अडले ते अडलेच.

मला आधी त्यात काही विशेष वाटलं नाही. रन म्हणजे पळणं, हे शाळेतली पोरंही सांगतील.

“तसं नाही वहिनी,” भाऊजी म्हणाले. “त्यांचं यंत्र पळतं, आपलं चालतं. त्यांचं नाक पळतं, आपलं गळतं. त्यांचा माणूस निवडणुकीत पळतो, आपला उभा राहतो.”

“आणि निवडून आला की बसून राहतो,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत. पेन शोधायला लागले.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. एका अर्थाला एक कार्ड. वर इंग्रजी वाक्य, खाली मराठी शब्द, आणि तो कुणाच्या तरी तोंडून आलेलाच हवा. टेबलाशी बसून घडवलेला शब्द त्यांना चालायचा नाही. म्हणून स्वयंपाकघराच्या दारात कान लावून उभे. एकदा नव्या चादरीने धुण्याची वाट लावली, ह्यांचे सगळे सदरे गुलाबी झाले. मी करवादत होते, तर भाऊजी दारातून विचारतात, “वहिनी, आत्ता काय म्हणालात? रंग सुटला, की रंग गेला?”

“तुमच्या दादाचे सदरे गेले!”

“त्यांचा रंगही पळतो. आपला उन्हात उडतो, पाण्यात सुटतो,” ते स्वतःशीच म्हणाले. “गेला म्हणजे कायमचाच.” मी ओला सदरा त्यांच्या अंगावर फेकला.

अशी कार्डं जमली की ती सगळी खोलीभर जमिनीवर मांडायची आणि मधे बसून हलवाहलव करायची. कुठल्या अर्थातून कुठला निघाला, कोण कुणाच्या शेजारी नांदेल, हे त्यांना म्हणे सगळी एका नजरेत आल्याशिवाय दिसायचं नाही. त्या खोलीत केरसुणी न्यायची मला बंदी होती. पंखासुद्धा लावायचे नाहीत. घामाघूम होऊन बसलेले असायचे, पण चेहऱ्यावर असं सुख, की मला हेवा वाटायचा.

मग ते कार्डांवर पाय द्यायला लागले. आधी मला वाटलं, तंद्रीत आहेत. पुढे चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला आणि तो फुटला. दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, नजर कडेकडेने आत येत चालली आहे. गेलेली परत येत नाही, उरलेली सांभाळायची. ह्यांनी दुसरा डॉक्टर गाठला, मग तिसरा. तिघांचं तेच.

भाऊजींनी मला एकच विचारलं, “रन होईल का हो माझा तेवढ्यात?”

होईल की, म्हटलं. डोळ्यांत थेंब मी घालायची, वेळ चुकवली नाही. थेंब पडत राहिले आणि नजर जात राहिली. आधी त्यांना एका वेळी चार-पाच कार्डं दिसायची, मग एक, मग त्यातलं अर्धं वाक्य. शेवटी मी वाचायला बसले. माझं इंग्रजी शाळेपुरतं. अडखळत वाचायची, ते न चिडता दुरुस्त करायचे. ते सांगतील तिथे कार्ड ठेवायची. पण मी पुढचं कार्ड वाचेपर्यंत आधीचं त्यांच्या हातून निसटलेलं असायचं.

“त्याच्या शेजारी काय आहे?”

“नदीचं.”

“आणि तिच्यावर?”

मी सांगायची. ते डोळे मिटून मांडणी उभी करायला बघायचे आणि ती परत परत कोसळायची. एकदा म्हणाले, “वहिनी, सगळी एकदम वाचता येत नाहीत ना?” चेष्टा नव्हती. मला रडू फुटलं ते आवाज न करता, निदान ते तरी त्यांना कळू नये म्हणून.

कचेरीतल्या संपादकबाई घरी आल्या. त्यांना दोष देणार नाही मी. भाऊजींसाठी त्यांनी ‘रन’ ज्यात येणार तो कोशाचा खंड शक्य तितका थोपवून धरला होता.

“थोडा वेळ द्या,” भाऊजी म्हणाले.

“दिला हो,” त्या म्हणाल्या आणि रुमालाशी चाळा करत बसल्या. कोशाच्या शालेय आवृत्तीतली ‘रन’ची छोटी नोंद आहे, ती वापरू, म्हणाल्या. जाताना मला दारात म्हणाल्या, “कार्डं देता का? बघू, कुणाला जमलं तर.” ती मी दिली. कुणाला जमलं नाही.

खंड छापून घरी आला, चांगला जाडजूड. भाऊजींनी तो मांडीवर घेतला, कापडी बांधणीवरून हात फिरवला, वास घेतला. मग माझ्याकडे दिला. “रन काढा.”

मी काढलं. खोटं वाचावं, असं मनात आलं. पण काय वाचणार? ती मांडणी त्यांनाच सापडली नव्हती, मला कुठून येणार? जे होतं ते वाचलं. पळणे, धावणे, चालवणे, वाहणे, निवडणुकीस उभे राहणे.

“पुढे?”

“पुढे रनवे आहे, भाऊजी.”

ते माझ्या बाजूला थोडे वळले, अंदाजाने.

“एखादी ओळ सुटली असेल तुमची. परत वाचा बरं.”

माझी कधी ओळ सुटली नव्हती, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी मी बोट ठेवलं आणि पहिल्यापासून वाचलं, होईल तितकं सावकाश.