बास्केटखालची जागा

“उडणाऱ्याला उडू दे की, आपण बास्केटखालची जागा सोडायची न्हाय,” गुंडू कुरणे म्हणायचा.

१९६६ साली तो आमच्या बास्केटबॉल संघाचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहून अडवणारा गडी होता. माझ्या हातून निसटलेला प्रत्येक गडी तो छातीवर घ्यायचा. सिमेंटवर आपटून आपटून त्याचे गुडघे गेले.

अठरा वर्षांनी क्लबात पोरांनी मला विचारलं, “सर, बचावात भारी कोण? गुंडूआण्णा, का हवेतच चेंडू अडवणारा आमचा परशा?”

पोरांनी हसावं म्हणून मी म्हणालो, “गुंडू म्हंजे नुसता खांब रे! तवा समोरचे सगळे बुटकेच हुते.”

पोरं हसली. गुंडू मागच्याच बाकावर बसलाय, हे मला ठाऊक होतं. आता माझी मान वर होईना.

गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि बाहेर गेला.