खोली दाखवायचा खेळ

भाडं वाढवा, असं कस्तुराबाईला तोंडानं कधी मागता आलं नाही. पैशाची गोष्ट निघाली की तिचा आवाज आडात पडलेल्या तांब्यासारखा खाली खाली जायचा. म्हणून तिनं एक खेळ काढला होता. घरपट्टी वाढली किंवा बोअरची मोटर जळली की ओळखीतलं एखादं माणूस गाठायचं, त्याला चहा पाजायचा आणि मागच्या अंगणात आणून मोठ्यानं म्हणायचं, "ही बघा खोली. मोकळी झाली की सांगते."

खोलीत सिद्धलिंगप्पा राहायचा, बायको नागम्मासह. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो मागावर विणकाम करायचा. दुसऱ्या सकाळी तो आपणहून वाढीव भाडं आणून द्यायचा. कस्तुराबाई "कशाला वो?" म्हणत पदराखाली घ्यायची.

नवऱ्याच्या फंडातून बांधलेली ही एक खोली आणि पुढच्या दोन, ज्यात ती एकटी. मागच्या खोलीचं उत्पन्न थोडं, दुखणी फार. आणि त्या दुखण्यांचा वैद्य म्हणजे भाडेकरूच. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, तेही अवेळी. ते आलं की टाकी भरायला धावायचा सिद्धलिंगप्पा. त्यानं भाडं वाढवून द्यावं, पण जाऊ मात्र नये, एवढाच घोर तिला होता.

यंदा स्लॅब गळायला लागला. यंदाचं गिऱ्हाईक म्हणजे करकंबचा तिचा भाचा येडू. सोबत बायको अंकिता. चहा झाला, अंगणात नेहमीचं वाक्य झालं. नागम्मानं अंकिताला आत बोलावलं. ती बाहेर आली तीच हसत.

"आत्या, खोली लई आवडली. एक तारखेला येतो की."

कस्तुराबाईनं येडूला कोपऱ्यात ओढलं. "आरं, तुला नुसती मान हलवायला सांगितली हुती!"

"व्हय, पण मला हितंच कारखान्यात काम लागलंय. खोली खरंच पायजे."

तेवढ्यात सिद्धलिंगप्पा खांद्यावर टॉवेल टाकून दारात आला. "येऊ द्या की अव्वा त्यांना. आमी बघतो दुसरीकडं."

रिकाम्या खोलीचा अंधार कस्तुराबाईला भरदुपारी दिसला.

"आगं अंकिता, हितं काय हाय?" ती ओरडली. "स्लॅब गळतोय. पावसात भांडी मांडून बसावं लागतंय. भिंतीला वल, दर उन्हाळ्याला मोटर जळती, न्हाणीचं पाणी तुंबतंय, खिडकीतनं इंचू येत्यात!"

विंचू तिनं पदरचा घातला होता. बाकी सगळं खरं होतं.

अंकिता विचारात पडली. "एवढं असून ही मानसं ऱ्हायलीत. म्हंजे मालकीण लई चांगली असणार."

कस्तुराबाई पायरीवर मटकन बसली. "सिद्धलिंगप्पा, जाऊ नगासा. ह्यो गिऱ्हाईक न्हाय वो, माझा भाचा हाय."

"ठावं हाय की," सिद्धलिंगप्पा म्हणाला. "गेल्या खेपेचं गिऱ्हाईक तुमच्या लेकीच्या लग्नात बुंदी वाढत हुतं. त्याच्या आदीची तर तुमची विहीण."

"मग भाडं कशापायी वाढवत हुता?"

"तुमाला मागायची लाज. ती लाज आमाला बघवंना." तो हसला. "पण आज तुमीच सगळं सांगितलंसा. आता आदी स्लॅब करा. इंचवाचं आमी बघतो."

स्लॅब झाला. सिद्धलिंगप्पा राहिला. पण येडूला नाही म्हणता येईना. तो आणि अंकिता पुढच्या एका खोलीत आले आणि रुजले. पंखा दिवसभर फिरू लागला, वीजबिल फुगलं, आणि भाच्याकडं भाडं मागायचं कुठल्या तोंडानं? एका संध्याकाळी कस्तुराबाई मागच्या अंगणात येऊन नुसतीच बसली.

सिद्धलिंगप्पानं तिच्याकडं पाहिलं, मग पुढच्या खोलीच्या उजेडाकडं.

"अव्वा," तो हळूच म्हणाला, "अक्कलकोटला माझा मेव्हणा हाय. नुसत्या चहावर खोली बघायला येईल. बोलावू?"