उखामामा पुन्हा चालायला शिकला

सुरतेत भेस्तानला मामाकडे राहत होतो तेव्हाचे रविवार मला अजून हवेसे वाटतात. संध्याकाळी आम्ही भाजीबाजाराला निघायचो ते मुंग्यांसारखे, एकामागे एक. पुढे उखामामा, मग त्याचा मुलगा चेतन, मग मी आणि सगळ्यांत शेवटी थैली घेऊन शोभामामी. आमच्या खानदेशात बायको नवऱ्याच्या मागे चालते आणि सुरतेत येऊनही मामीने ते सोडलं नव्हतं. मामा साच्यांवर, म्हणजे पॉवरलूमवर कामाला. दिवसभर साच्यांमधल्या चिंचोळ्या वाटेत येरझाऱ्या घालणारा माणूस रस्त्याला लागला की वारा प्यायल्यागत सुटायचा. वाटेत लोच्याच्या, म्हणजे चणाडाळीच्या मऊ वाफवलेल्या सुरती खाऊच्या गाडीवर आम्हा पोरांना एकेक प्लेट मिळे. तसा लोचो नंतर कुठे मिळाला नाही, की तशी भूकच लागली नाही, कोण जाणे!

हाच मामा पन्नाशीत लंगडू लागला. उजव्या खुब्याचं हाड झिजलं होतं. तरी गडी ‘वात आहे’ म्हणत तेल चोळत बसला. हट्टीपणात मामाचा हात धरणारा अजून जन्मायचा आहे. शेवटी साच्यापुढे उभंच राहवेना, तेव्हा ऑपरेशनला तयार झाला. डॉक्टरांनी सांधा काढून टाकला नाही. हाडाचा गोळा तासून त्यावर धातूची टोपी बसवली.

कुबड्या सुटल्या, काठी सुटली, पण लंगडणं सुटेना. व्यायाम शिकवायला येणारी नूतनबेन म्हणाली, “काका, हाड चांगलं झालंय. ही जुनी सवय आहे. आत्ताच मोडली नाही तर जन्माची राहील. मग साचे विसरा.”

मामाचा चेहरा पडला. साच्यांशिवाय मामा मलाही डोळ्यांपुढे आणता येईना.

तिनेच उपाय सांगितला. खाली पायाकडे बघायचं नाही. कुणाला तरी पुढे चालवायचं आणि त्याच्या पावलाला पाऊल जुळवायचं. चेतन पहाटेच कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात जाई. राहिली मामी.

“मी पुढे? काय म्हणतीन लोके!” मामीने पदर तोंडाला लावला.

“चाल वं पुढे. मी मांगे येस,” मामा म्हणाला.

सुरुवातीला मामी दर चार पावलांना थांबून मागे बघायची आणि मामा तिच्यावर आदळायचा. शेजारणी दारात उभ्या राहून हसायच्या. हळूहळू दोघांना ते जमलं. मामा तर एवढा रंगला, की साच्याचा ठेका धरावा तसा मामीच्या चालीचा ठेका धरू लागला.

एका रविवारी नूतनबेन बघायला आली, तेव्हा मी तिथेच होतो. दोघं गल्लीतून चालत आले. नूतनबेनच्या कपाळावर आठी पडली.

“काका, ऑपरेशन उजव्या पायाचं. आणि तुम्ही डावीकडे का झुकताय?”

“आते डावाबी गया का?” मामाने डावा खुबा चाचपला. त्याचे साचे पुन्हा हातचे गेले, असंच मला वाटलं.

नूतनबेनने मामीला बसवलं आणि मामाला एकट्याला चालवलं. मामा सरळ चालला, अगदी पूर्वीसारखा. आनंदाने मी टाळी वाजवणार, तेवढ्यात ती म्हणाली, “मावशी, आता तुम्ही एकट्या चाला बरं.”

मामी चालली. प्रत्येक पावलाला तिचं अंग डावीकडे कलत होतं.

मामा बघत राहिला. “इतला वरीस मन्हा मांगे चालनी. मी एकदाबी वळीसन देखं नही,” तो पुटपुटला. मग नूतनबेनला म्हणाला, “बेन, मेरा छोडो. पहले इसका पाँव देखो.”

मामी संकोचली आणि सवयीने मामाच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. मामा मागे वळला आणि कधीपासून दुखतंय ते विचारू लागला.

“कवयपाईन दुखस?”

मामी खाली मान घालून म्हणाली, “चेतन व्हयना तवयपाईन.”

चेतन दारात उभा होता, स्वतःच्या मुलीला कडेवर घेऊन.