पेनाचं टोपण

पहिल्या दिवसापासून मला त्या माणसाचा संशय यायचा. बँकेतल्या बदलीनं आम्ही कोलकात्यात आलो, तेव्हा मुलगी अकरावीत होती. सियालदहजवळच्या एका खोलीत तो अकरावी-बारावीच्या मुलांकडून परदेशी कॉलेजांच्या अर्जांची तयारी करून घ्यायचा. अर्जासोबत मुलांनी स्वतःबद्दल लिहायचा निबंध तोच लिहून देत असणार! आम्ही पालक बोलू लागलो की तो पेनाला टोपण लावायचा. लेखी पुरावा नको म्हणून, असं मी बायकोला सांगितलंही.

मुलीचा निबंध वाचून त्यानं मला हिंदीत विचारलं, “हा तुम्ही लिहिलाय ना?”

“छे!” मी म्हणालो.

मग तो तिच्याकडे वळला. “बाबांच्या बदल्यांतून काय शिकलीस?”

“मैत्रिणी करायच्या नाहीत.”

निबंधात मी लिहिलं होतं, ‘गावोगावी जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या.’

त्यानं पेनाचं टोपण काढलं.