नाव कमी करा

आम्ही वेबसाइट बनवणारे लोक मूळचेच आगाऊ. हातात तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. तो लिहिणाऱ्यांनी आपल्या आधी हात पोळून घेऊन काही गोष्टी शहाणपणाने ठरवून ठेवलेल्या असतात. त्या डिफॉल्ट. तुम्ही काहीच केलं नाही तर त्या आपसूक लागू होतात. बोईसरच्या ऑफिसातले माझे सीनियर उत्तरेकडचे, ते एवढंच सांगायचे, "डिफॉल्ट को बिना वजह मत छेड़ो." मी मान डोलवायचो आणि छेडायचो.

सातपाटीतल्या आमच्या आळीच्या सात-आठ बोटींसाठी मी हौसेने एक साइट केली होती. बोट परतताना रेंज आली की तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, मोबाईलवरून साइटवर दोन वाक्यं बोलून ठेवायचा. किनाऱ्यावरच्या बायका त्यावरून बर्फाचा, टोपल्यांचा अंदाज घ्यायच्या. आमच्या बोटीचे तांडेल बाबाच. घरात मोजकं बोलणारा हा माणूस तिथे खुलायचा. "पापलेट हाय. बोंबील नाय. जेवण काढून ठेव." यातलं शेवटचं फक्त आईसाठी, पण ऐकायची सगळी आळी, आणि आई लाजून चिडायची. तीन हंगामांचे निरोप त्यांच्या नावाखाली जमले होते.

सुरुवातीला चाचणीसाठी घातलेली खोटी नावं मी पुसायला गेलो, तर साइट अडायची. ज्याच्या नावावर निरोप आहेत तो माणूस पुसता येणार नाही, असा डिफॉल्ट होता. मला त्याचा कंटाळा आला. मी एक शब्द बदलला. आता माणूस पुसला की त्याच्यामागचं सगळं आपोआप पुसलं जाणार होतं. बटणावर मात्र लिहिलं, 'नाव कमी करा'. रेशनकार्डामुळे हे शब्द आमच्याकडे सगळ्यांच्या ओळखीचे. माणूस गेला की नाव कमी करतात, कार्ड घरातच राहतं.

बाबा गेल्या पावसाळ्यात गेले, बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असताना, छातीत दुखून. हंगाम सुरू होण्याआधी बोट आईच्या नावावर झाली. मी ऑफिसातून तिला फोनवर म्हणालो, साइटवरही बाबांचं नाव कमी कर आणि तुझं घाल. तिने चष्मा लावून, मी सांगत गेलो तसं, सगळं नीट केलं. मला तिचं कौतुक वाटलं.

रविवारी घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, त्यांचं बोलणं जरा लावून दे, मला सापडत नाही. मी तिच्या मोबाईलवर शोधलं, मग सर्व्हरवर शोधलं. राखीव प्रत ठेवायचं काम मी दर महिन्याला पुढच्या महिन्यावर ढकलत आलो होतो. बाबांचा आवाज आता कुठेच नव्हता, आणि तो मीच घालवला होता.

तिला सगळं सांगितलं. मी बदललेला तो शब्दही सांगितला. चूक माझी, तुझी नाही, असं दोनदा म्हणालो आणि मला रडू फुटलं. तिला त्यातलं किती समजलं कोण जाणे. तिने माझ्या हातातून मोबाईल घेतला. मग हळूच म्हणाली, "मी नाव कमी केला रे. त्यांना नाय."